सुबोधला ऊन दाखवणे

चंद्रप्रकाश घाडींना आकडा मिळाला की बरं वाटायचं. चौतीस वर्षं महापालिकेच्या जलखात्यात तलावाची पातळी मोजण्यात गेली होती. सकाळी सहाला पट्टीवर पाणी कुठे आलंय ते बघायचं, वहीत लिहायचं, फोनवरून वर कळवायचं. शेजाऱ्याने सहज विचारलं की काय घाडी, पाऊस कसा काय, तरी हे मिलिमीटरमध्ये उत्तर द्यायचे, आणि शेजारी पुन्हा विचारण्याच्या भानगडीत पडत नसे. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा ते रोज दुधाची पिशवी काट्यावर ठेवून बघायला लागले. त्यांच्या बायकोने, मालनने, महिनाभर सहन केलं आणि मग तो काटा माळ्यावर टाकला.

तर अशा माणसाचा मुलगा मागच्या जूनमध्ये अंथरुणाला खिळला, आणि त्याला काय झालंय ते कुठल्याच आकड्यात बसेना. सुबोध एकोणतीस वर्षांचा. पवईला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला होता. एका सोमवारी तो उठलाच नाही. ताप नव्हता, खोकला नव्हता, पोट साफ होतं. पडदा ओढून भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. आंघोळ चार-चार दिवस नाही. जेवायला हाक मारली की यायचा, दोन घास खायचा, आणि कुणीतरी बोलायला लागायच्या आत आत जायचा. पंधरा दिवसांनी त्याने नोकरी सोडल्याचं सांगितलं, तेही आईने डबा करू का विचारलं म्हणून.

कारण काय, यावर घरात तीन मतं झाली. मालनचं म्हणणं, नजर लागली. मुलगी श्वेता, जी लग्न होऊन मुलुंडला राहते, तिचं म्हणणं की ऑफिसात पिळून काढलं त्याला. चंद्रप्रकाशांचं मत होतं पाऊस. ते म्हणायचे, बघ ना, जूनला पाऊस लागला आणि जूनलाच हा पडला. महिना महिना सूर्य दिसत नाही, खाडीकडून वारा फिरला की कचऱ्याचा वास घरात येऊन बसतो, कपडे वाळत नाहीत, माणसाचं मन कसं वाळेल? हे त्यांना स्वतःलाच इतकं पटलं की त्यांनी ते मजल्यावरच्या सगळ्यांना सांगितलं.

कांजूरच्या नाक्यावरचे नंदकुमार डॉक्टर, घरचेच म्हणा ना, त्यांनी रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट आला. व्हिटॅमिन डी आठ. पाहिजे तीस.

चंद्रप्रकाशांचा चेहरा उजळला. पोराच्या आजाराला शेवटी आकडा मिळाला होता. डॉक्टर म्हणाले, ही पावडर दुधातून द्या आणि सकाळचं कोवळं ऊन घेऊ दे त्याला. घरी येऊन त्यांनी मालनला समजावून सांगितलं. तिने गॅस बारीक करत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे पोराक ऊन दाखवूक होया."

गाद्यांना दाखवतात, कडधान्याला दाखवतात, पेटीतल्या पैठणीला वर्षातून एकदा दाखवतात. तसं. दोघांनाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. उलट इतकं सोपं औषध आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचंच त्यांना नवल वाटलं.

पण जुलैत ऊन आणायचं कुठून? तोवर श्वेताने बाबांना न विचारता ऑगस्टमध्ये भावाला मुलुंडला दीप्ती डॉक्टरांकडे नेलं. त्या मनाच्या डॉक्टर. त्यांनी दोन गोळ्या सुरू केल्या आणि दर महिन्याला यायला सांगितलं. चंद्रप्रकाशांना ते फारसं रुचलं नाही, पण त्यांनी विरोधही केला नाही. त्यांनी फक्त एक दोनशे पानी वही आणली. डावीकडे तारीख, मध्ये उन्हाचे तास, उजवीकडे सुबोधचा शेरा. उत्तम, मध्यम, कनिष्ठ. आंघोळ केली आणि दोन पोळ्या खाल्ल्या तर मध्यम. नाही केली तर कनिष्ठ. उत्तम लिहायची वेळ ऑक्टोबरपर्यंत आली नाही.

ऑक्टोबरात पाऊस गेला, ऊन कडकडीत पडायला लागलं आणि सुबोध उठून बसला. दाढी केली. एकदा स्वतःहून खाली जाऊन अंडी घेऊन आला. त्या दिवशीच्या शेऱ्यात चंद्रप्रकाशांनी उत्तम लिहून खाली दोन रेघा मारल्या. श्वेता म्हणाली गोळ्यांचा गुण. मालन म्हणाली गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं होतं त्याचा गुण. चंद्रप्रकाश काहीच म्हणाले नाहीत. त्यांच्याकडे वही होती.

मग रोज सकाळी आठ वाजता बापलेक गच्चीत. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सुबोध बनियनवर, तोंड पूर्वेला. चंद्रप्रकाश शेजारी घड्याळ बघत. वीस मिनिटं समोरून, दहा मिनिटं पाठीला. गच्चीत पापड घालायला आलेल्या बायका हसायच्या. एकीने विचारलं, घाडीकाका, ह्याला उलटा कधी करणार? सुबोधही हसला होता त्यावर, हे चंद्रप्रकाशांच्या चांगलं लक्षात होतं, कारण ते त्यांनी लिहून ठेवलं होतं.

फेब्रुवारीत दीप्ती डॉक्टरांकडची तारीख आली तेव्हा सुबोध म्हणाला, "बरं आहे की आता, कशाला जायचं." चंद्रप्रकाशांच्या मनातलंच बोलला तो. पोरगा हिंडताफिरता आहे, बाहेर लख्ख ऊन आहे, आता डॉक्टर कशाला? मार्चमध्ये गोळ्या संपल्या त्या संपल्या. दवाखान्यातून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा चंद्रप्रकाशांनी घेतला आणि तो एकदम ठीक आहे असं सांगितलं. खोटं बोलतोय असं त्यांना वाटलं नाही. वहीत तसंच होतं.

एप्रिलमध्ये परत रक्त तपासलं. एकतीस. चंद्रप्रकाशांनी त्या दिवशी सुरमई आणली आणि रिपोर्ट फ्रीजवर चुंबकाने लावला.

आता जे सांगायचं ते इथून पुढचं, आणि यात चंद्रप्रकाशांना नावं ठेवायच्या आधी आपण त्यांच्या जागी काय केलं असतं याचा ज्याने त्याने विचार करावा. एप्रिलच्या शेवटी सुबोध पहाटे पाचला उठायला लागला. मग साडेचारला. मालन उठायची तेव्हा तो हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत असायचा. चंद्रप्रकाशांनी लिहिलं, लवकर उठला, व्यायाम, उत्तम. एकदा गच्चीत तो म्हणाला, "बाबा, आज ऊन नको. टोचतंय." चंद्रप्रकाश म्हणाले, "मे आहे, टोचणारच. दहाच मिनिटं बस." तो बसला. बापाचा शब्द त्याने लहानपणापासून कधी मोडला नव्हता, त्या दिवशीही मोडला नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात त्याने खोली आवरायला काढली. जुने कागद फाडले, वायरी गुंडाळल्या, कपाटं पुसली, कपडे इस्त्री करून रचले. मालनला आनंद झाला, कारण गुरुवारची गावची तिकिटं होती. गावाला जायच्या आधी घर आवरायचं ही तिच्या माहेरची, सासरची, सगळीकडचीच रीत. कुलूप लावून जाताना घर नीट असावं, नाहीतर तिला गाडीत झोप लागत नाही. सुबोध म्हणाला होता, "तुम्ही दोघं जा, मी राहतो इथे." त्यावरही कुणी फार बोललं नाही. पोराला गावात करमत नाही, नेटवर्क नसतं, चालायचंच. आठ दिवसांचा तर प्रश्न.

चंद्रप्रकाशांनी लिहिलं, आवराआवर केली. उत्तम. सलग नववा उत्तम होता तो.

रविवारी श्वेता आली. येताना हापूसची पेटी आणि चेहऱ्यावर काहीतरी घेऊन आली. सुबोध आत खोलीत होता. ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, सुबोधचं काय चाललंय?"

"काय चाललंय म्हणजे? झकास चाललंय. एकतीस झालं त्याचं."

"त्याने मला कॅमेरा दिला."

"दिला तर दिला. तुला लहानपणापासून हवाच होता तो."

"तसं नाही हो. काल घरी आला मुलुंडला. अर्धा तास बसला. कॅमेरा दिला, चार्जर दिला, लेन्स कशी पुसायची ते दाखवलं. आणि निघताना म्हणतो, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीच्या आत करून घे. बाबा टाळतील, तू मागे लाग. मी म्हटलं तू लाग ना मागे, तू तर घरातच असतोस. तर हसला नुसता."

"मी कधी टाळलं?" चंद्रप्रकाश उखडले. "डॉक्टरच म्हणाले अजून पिकायचंय. उगाच पोराच्या मनात भरवू नकोस काहीतरी."

"मी कुठे भरवतेय? मला कळत नाहीये म्हणून विचारतेय. खाली नानांच्या पायात त्याचे नवीन बूट बघितले मी आत्ता. वॉचमन नाना. म्हणाले, सुबोधसाहेबांनी दिले."

हे चंद्रप्रकाशांना माहीत नव्हतं. पण त्यांना त्यात वाईट काय ते दिसेना. दानधर्म करतोय पोरगा, चांगलंच आहे की. पाटावर बसून आंबे निवडत असलेल्या मालनलाही तसंच वाटलं. तिचा आवाज कौतुकाने भरून आला होता.

"माझ्या ताटाखाली पण कागद ठेवलो हा त्याने. गॅसचो नंबर, विजेचा बिल कसा भरूचा, बँकेत कोणाक भेटूचा, सगळा लिवून. माका म्हणता, आये, तुका कळाक होया. कितक्या शाण्यासारखी निरवानिरव करता माझो झील."

चंद्रप्रकाशांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी ओट्यावर ठेवला. नीट ठेवला की कडेला ठेवला हे त्यांनी बघितलं नाही, श्वेताने पुढे होऊन तो आत सरकवला.

निरवानिरव. हा शब्द त्यांनी या घरात कधी वापरला नव्हता. घर आवरतात ती आवराआवर. ती कुणीही करतं, दिवाळीला करतं, पाहुणे यायचे असले तरी करतं. त्यांचे वडील गिरणीतून सुटून गावी गेले आणि तिथे आजारी पडले, तेव्हा एका दुपारी उठून बसले होते. म्हणाले मला बरं वाटतंय. भाताच्या कुठल्या कुणग्याचा बांध कुठे ते सांगितलं, गाय कुणाला द्यायची ते सांगितलं, धाकट्या बहिणीला सासरहून माघारी आणू नका म्हणाले. तेराव्याला जमलेली सगळी माणसं म्हणत होती, जाणाऱ्याने कशी निरवानिरव केली बघा. मालनला मराठी शाळेत पहिला नंबर मिळत होता, तिला शब्द बरोबर सापडला होता. फक्त ती काय बोलली ते तिला कळलं नव्हतं.



चंद्रप्रकाश हॉलमध्ये गेले आणि त्यांनी वही काढली. का काढली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सवय. नऊ दिवस उत्तम, उत्तम, उत्तम. दर दिवशी नऊ तास, दहा तास ऊन. पाच वाजता उठला. साडेचारला उठला. खोली आवरली. हसला. जूनपासून ते समजत होते की ढग आले की पोराला जपायचं आणि ऊन आलं की निवांत व्हायचं. मग हे काय आहे? ऊन चांगलं की वाईट? उठणं चांगलं की पडून राहणं? तेव्हा तर तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, तेव्हा मरेल अशी भीती कुणाला वाटली नव्हती. आता तो इस्त्री करतोय, तर भीती वाटतेय. त्यांचं डोकं चालेना. इतकी वर्षं पट्टी वाचली, पट्टी उलटी लावलेली असेल असं त्यांच्या मनातही कधी आलं नव्हतं.

जिन्यात जाऊन त्यांनी दीप्ती डॉक्टरांना फोन लावला. रविवार होता. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला. चंद्रप्रकाशांनी नाव सांगितलं, फेब्रुवारीत आलो नाही ते सांगितलं, गोळ्या बंद केल्या ते सांगितलं, आणि मग श्वाससुद्धा न घेता कॅमेरा, बूट, कागद, गुरुवारची तिकिटं. शेवटी म्हणाले, "पण मॅडम, ऊन तर भरपूर घेतलंय हो त्याने. एकतीस आहे त्याचं. पावसाळ्यात हे झालं असतं तर मी समजू शकलो असतो."

"सगळ्यांना तसंच वाटतं," डॉक्टर म्हणाल्या. "अंधारे, पावसाळी दिवस वाईट. पण जगात बऱ्याच ठिकाणी मोजलंय लोकांनी, तर असे प्रकार थंडी सरून ऊन वाढतं त्या दिवसांत जास्त दिसतात."

"का?"

"पक्कं कुणालाच माहीत नाही. एक अंदाज असा की अंगात बळ आधी येतं, मन मागून बरं होतं. मधले दिवस जपायचे असतात. काही जणांना ऊन वाढलं की झोप लागत नाही, अस्वस्थ होतात."

"म्हणजे माझ्यामुळे? मी बसवला त्याला उन्हात."

"नाही. एवढ्याने असं होत नाही. गोळ्या सुटल्या, झोप गेली, अजून काय काय असेल, त्याच्याशी बोलल्याशिवाय मलाही कळणार नाही."

"आणि आपल्याकडे? आपल्याकडे कुठल्या महिन्यात जास्त?"

"घाडीकाका," डॉक्टरांचा आवाज हळू झाला, "ते आपण नंतर बघू. आपल्याकडे नीट मोजलेलंच कमी आहे. तुम्ही त्याला आत्ता घेऊन या, मी दवाखाना उघडते. तोवर एकटा सोडू नका. आणि त्याला विचारा."

"काय विचारू?"

"जीव द्यायचा विचार येतो का, असं. याच शब्दांत."

चंद्रप्रकाश जिन्याच्या पायरीवर बसले. "असं विचारलं आणि नसलेलं डोक्यात आलं तर?"

"विचारल्याने येत नाही. असलं तर बोलायला वाट मिळते. गोल गोल विचारलंत तर तोही गोल उत्तर देईल."

ते परत आले तेव्हा श्वेताने आईला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं होतं, कारण मालन आंबे सोडून भिंतीला टेकून बसली होती आणि पदर तोंडाशी धरला होता. चंद्रप्रकाश तिच्याकडे न बघता सुबोधच्या खोलीत गेले.

सुबोध पलंगावर बसून पुस्तकं एका खोक्यात भरत होता. खिडकीतून ऊन थेट त्याच्या अंगावर येत होतं. चंद्रप्रकाशांनी जाऊन पडदा ओढला. मग त्यांना वाटलं, अंधार झाला, अंधार तर नकोच. त्यांनी तो परत उघडला. मग अर्धा ओढला.

"बाबा, काय करताय?"

"ऊन येतंय."

"येऊ दे ना. तुम्हालाच पाहिजे असतं."

"हो. नाही, म्हणजे पाहिजे. पण इतकं नको." ते पलंगाच्या कडेला बसले. "ही पुस्तकं कुठे चालली?"

"वाचनालयात देईन म्हणतो. धूळ खातायत."

"बरं. चांगलं आहे." त्यांनी एक पुस्तक उचलून परत ठेवलं. "श्वेताने आंबे आणलेत. बऱ्यापैकी पिकलेत." पोरगा मान हलवून पुन्हा खोक्याकडे वळला. बाहेर कुकरची शिट्टी झाली. इतक्या वर्षांत या मुलाला त्यांनी काय काय विचारलं होतं. मार्क किती पडले, पगार किती, गाडी किती वाजता, ताप किती. किती हा शब्द नसलेला एकही प्रश्न त्यांना आठवेना. ते म्हणाले, "सुबोध, इकडे बघ. तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का रे?"

सुबोधचा हात खोक्यातच राहिला. त्याने बापाकडे बघितलं. तो रागावेल, हसेल, काहीतरीच काय बाबा म्हणेल, असं चंद्रप्रकाशांना वाटत होतं. तो काहीतरीच काय म्हणाला असता तर त्यांनी लगेच विश्वास ठेवला असता, इतकी त्यांना घाई होती.

"येतो," सुबोध म्हणाला.

"कधी येतो?"

"रोज. सकाळी जास्त."

"सकाळी तर आपण गच्चीत असतो."

"हो. तेव्हाच."

"मी शेजारी बसलेला असतो," चंद्रप्रकाश म्हणाले. ते प्रश्न विचारत होते की सांगत होते हे त्यांनाच कळत नव्हतं.

"हो."

"आणि गुरुवारी?"

सुबोधने पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला. "तुम्ही गावाला गेल्यावर, असं ठरवलं होतं."

चंद्रप्रकाशांना एकदम मोठ्याने ओरडावंसं वाटलं. सूर्यावर, डॉक्टरांवर, स्वतःवर, या समोरच्या शांत बसलेल्या पोरावर. त्यांनी त्याचं मनगट धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तसं, घट्ट. "मग मला सांगितलं का नाहीस रे? रोज अर्धा तास बाजूला बसायचो मी."

"सांगणार होतो एक-दोनदा. पण तुम्ही घड्याळ बघत असायचात." सुबोधचे डोळे आता भरून आले होते. "आणि तुम्ही इतके खूश दिसायचात, बाबा. मला वाटलं, निदान यांना तरी बरं वाटतंय, कशाला मोडायचं."

चंद्रप्रकाश रडले. बायकोसमोर, मुलीसमोर, दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या त्या दोघींना बघत बघत रडले, आणि मनगट सोडलं नाही. मालन येऊन मुलाच्या दुसऱ्या बाजूला बसली. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "गावाक कोण जायत नाय हा. कोणच जायत नाय." सुबोध तिच्या खांद्यावर डोकं टेकून कितीतरी वेळ तसाच बसला. श्वेताने तेवढ्यात गाडी बोलावली.

दुपारचा दीड वाजला होता. गाडीत मागे सुबोध मध्ये, आईबाप दोन बाजूंना. बाहेर रस्ता इतका पांढरा झाला होता की बघवत नव्हतं. चंद्रप्रकाशांनी हात आडवा धरून मुलाच्या डोळ्यांवर सावली केली, मग काढून घेतला, मग परत धरला. सुबोध म्हणाला, "राहू दे बाबा, हात दुखेल." त्यांना वाटलं, हा असं म्हणाला म्हणजे आता बरा आहे का? की नऊ दिवस असाच गोड बोलत होता तसाच बोलतोय? त्यांना ओळखता येईना. पुढे किती दिवस येणार नाही, तेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी हात तसाच ठेवला.

दवाखान्यात दीप्ती डॉक्टर एकट्याच होत्या. घरच्या कपड्यांत आल्या होत्या. पंखा लावला, सगळ्यांना पाणी दिलं. सुबोधला म्हणाल्या, "बरं झालं आलास." मग समोर बसून त्यांनी विचारलं, "हे सगळं कधीपासून वाटतंय?"

सवयीने चंद्रप्रकाश पुढे सरकले. जूनचा दुसरा सोमवार, तारीख, वार, त्या दिवशी पडलेला पाऊस, सगळं त्यांच्या जिभेवर होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"मला नाही माहीत," ते म्हणाले. "ह्यालाच विचारा."

सुबोध म्हणाला, "गेल्या वर्षीच्या मार्चपासून. जूनच्या आधीपासूनच. तेव्हा मी रोज कामाला जात होतो."

चंद्रप्रकाश हे पहिल्यांदाच ऐकत होते. ते ऐकत राहिले.